यजमानांच्या स्मरणार्थ काढलेला तंजावूरचा प्रवास अर्ध्यावर राहिला. पुन्हा निघताना मन खंबीर कसे ठेवावे?

अक्षरवेल (कर्वेनगर, पुणे)

नमस्कार. माझे यजमान गेल्या वर्षी गेले. निवृत्तीनंतर त्यांनी मोडी शिकायला घेतली आणि तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला होता, तो म्हणजे तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा भोसले वंशाचा मराठी शिलालेख प्रत्यक्ष समोर उभे राहून वाचण्याचा. तंजावूरचे भोसले राजे सरफोजी यांनी तो १८०३ मध्ये कोरवून घेतला आणि त्याचा मजकूर त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी सिद्ध केला, हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते आवर्जून सांगत. लेखाचा छापील पाठ मिळवून त्यांनी तो एका जाड वहीत शाईच्या पेनाने मोडीत उतरवायला घेतला होता. ज्या शब्दाचा अर्थ लागला नाही किंवा ज्याच्या पाठाविषयी शंका आली, त्या शब्दाखाली लाल पेन्सिलीची रेघ आहे आणि समासात बारीक अक्षरात ‘तिथे पाहावे’ एवढेच लिहिलेले आहे. वही निम्म्याहून अधिक भरली आहे, पुढची पाने कोरीच राहिली.

आमच्या लग्नाचा वाढदिवस मार्गशीर्षात येतो. त्या दिवशी वही घेऊन तंजावूरला पोचायचे आणि लाल रेघांचे शब्द भिंतीवर शोधायचे, असे मी ठरवले. सोबतीला माझ्या नणंदबाई आल्या. रेणीगुंट्यापर्यंत सारे ठीक होते, तिथे पावसामुळे गाडी थांबली ती थांबलीच. चेन्नई सेंट्रलला उतरेपर्यंत रात्र झाली होती. तंजावूरची गाडी मात्र एग्मोर स्थानकातून सुटणार होती, म्हणून भर पावसात रिक्षा करून तिकडे गेलो, तर पुढे रुळांवर पाणी चढल्यामुळे ती रद्द झाल्याचे कळले. फलाटाच्या ओल्या फरशीवर नणंदबाईंचा पाय मुरगळला. तंजावूरला ज्या लॉजवर आगाऊ पैसे भरले होते, त्यांनी ते परत करण्यास नकार दिला. या सगळ्यात मला सर्वांत लागले ते वेगळेच. खांद्यावरच्या पिशवीत पाणी शिरून वहीची खालची कड भिजली, शाई फुटली आणि बऱ्याच पानांवरच्या तळच्या ओळी निळ्या डागांत विरून गेल्या. पेन्सिलीच्या रेघा तेवढ्या जशाच्या तशा राहिल्या आहेत.

पायाची सूज पाहून आम्ही चेन्नईहूनच विमानाने पुण्याला परतलो. आता नातेवाइकांपैकी काहीजण म्हणतात, ‘योग नव्हता’, काहीजण म्हणतात, ‘त्यांच्याच मनात नसेल’. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नाही याची मला जाणीव आहे, पण रात्री अंथरुणावर पडले की तेच वाक्य मनात घोळत राहते. नेहमीच्या प्रवासात गाडी चुकली तर माणूस चरफडतो आणि विसरून जातो. इथे मात्र गाडी चुकणे म्हणजे त्यांना दिलेला शब्द चुकणे, असे मला वाटत राहिले आणि त्यामुळे साध्या अडचणीतही हातपाय गळून गेले. मला पुन्हा जायचे आहे. अडचणी येणार हे गृहीत धरूनही मन प्रसन्न, निदान स्थिर कसे ठेवता येईल, याविषयी ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया लिहावे. प्रवासाच्या आखणीबद्दलच्या सूचनाही हव्या आहेत.

घाटवाट (सिंहगड रस्ता)

अक्षरवेलताई, नमस्कार. माझी पत्नी गेल्यावर तिची राहून गेलेली नर्मदा परिक्रमा मी केली, तीही वाहनाने, कारण माझे गुडघे पायी चालू देत नाहीत. ओंकारेश्वरला आम्ही पोचलो तेव्हा धरणातून पाणी सोडल्यामुळे नावा बंद होत्या. पुढे एका आडगावाजवळ बसचा पाटा तुटला आणि सगळ्या यात्रेकरूंनी शाळेच्या व्हरांड्यात रात्र काढली. तिच्यासाठी म्हणून निघालो आणि तिच्याच कामात असे विघ्न यावे, ही तुम्हाला वाटलेली टोचणी मलाही त्या रात्री चांगलीच जाणवली.

मला ज्या गोष्टीने आधार दिला, ती परिक्रमेच्या रीतीतच आहे. परिक्रमेला निघालेल्या माणसाने नर्मदा ओलांडायची नाही, हा नियम कडक. ती ओलांडली तर परिक्रमा खंडित होते. मात्र मुक्काम कोणत्या गावी पडेल, जेवण केव्हा मिळेल, कोणत्या वाटेला वळसा पडेल, हे त्या त्या दिवसावर सोपवलेले असते आणि त्यात कितीही फेरफार झाला तरी संकल्पाला बाध येत नाही. शतकानुशतके पुरात, उन्हात आणि आजारपणात चाललेल्या लोकांनी घालून दिलेली ही वाट आहे, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला. तुमच्या प्रवासातही असे एकच कलम असावे, आणि ते तुमच्या यजमानांनी समासात लिहूनच ठेवले आहे, ‘तिथे पाहावे’. त्यांनी दिवस लिहिलेला नाही, गाडी लिहिलेली नाही. जोपर्यंत ते शब्द भिंतीवर पाहणे शक्य आहे, तोपर्यंत तुमचा शब्द मोडलेला नाही. रद्द झाली ती फक्त एक गाडी.

आणखी एक सुचवतो. प्रवासात भेटणाऱ्या माणसांना आपण कोणासाठी निघालो आहोत हे सांगावे. त्या व्हरांड्यात जळगावच्या एका मावशींनी विचारले म्हणून मी पत्नीविषयी बोललो आणि त्यानंतर त्या बसमध्ये मी एकटा उरलो नाही. पुढच्या घाटावर त्या मावशींनी स्वतःहून तिच्या नावाने दिवा सोडला. सगळे वेळेवर चालले असते तर आमचे बोलणे झाले असते की नाही, कोण जाणे. अडचण आली म्हणून बरे झाले, असे मी म्हणणार नाही, कारण त्या रात्री आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे खरोखर हाल झाले. पण त्या रात्रीची आठवण आज मला परिक्रमेचाच भाग वाटते.

रूळवाट (पिंपरी)

‘योग नव्हता’ म्हणणाऱ्यांना हवामानाचे उत्तर द्यावे, असे मला वाटते. आपल्याकडे मार्गशीर्ष म्हणजे कोरडी थंडी, पण तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो आणि त्या राज्याचा वर्षभरातला जवळपास निम्मा पाऊस या तीन महिन्यांत पडतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होण्याचाही हाच हंगाम. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईला पूर आला तेव्हा विमानतळसुद्धा काही दिवस बंद ठेवावा लागला, आणि नोव्हेंबर २०१८ च्या ‘गज’ चक्रीवादळाने तंजावूर जिल्ह्यातल्या नारळीच्या बागा आडव्या केल्या. तुमची गाडी ज्या कारणाने अडली ते दरवर्षीचे आहे आणि त्या रात्री हजारो प्रवाशांची गाडी त्याच कारणाने अडली असणार. त्यात गेलेल्या माणसाच्या मनात असण्या-नसण्याचा काही संबंध नाही.

आखणीविषयी. जानेवारीच्या मध्यावर पोंगल असतो आणि त्याच्या आगेमागे तिकडच्या गाड्यांना प्रचंड गर्दी होते. तो आटोपल्यावर, म्हणजे जानेवारीअखेरीपासून फेब्रुवारीअखेरीपर्यंत जावे. मार्चपासून ऊन सोसवत नाही. चेन्नईला गाडी बदलायचीच असेल तर सेंट्रल आणि एग्मोर ही दोन वेगळी स्थानके लक्षात घेऊन मध्ये एक रात्र मुक्काम ठेवावा, म्हणजे पहिली गाडी उशिरा आली तरी दुसरी हातची जाणार नाही. खर्च परवडत असेल तर तिरुचिरापल्लीपर्यंत विमानाने जाऊन तिथून मोटारीने तंजावूर गाठावे. हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे आणि पाय दुखावलेल्या माणसाला तेच सोयीचे पडेल.

पैशांचेही सांगतो, कारण प्रवासातला निम्मा मनस्ताप पैशांचा असतो. गाडी आपल्या स्थानकावर तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि आपल्याला प्रवास करायचा नसेल, तर ती प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर, म्हणजे भाडे परत मागण्याचा रेल्वेचा अर्ज, भरावा, म्हणजे पूर्ण भाडे परत मिळते. गाडीच रद्द झाली तर ऑनलाइन काढलेल्या तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात जमा होतात, खिडकीवर काढलेले तिकीट मात्र स्वतः नेऊन परत करावे लागते. ४५ आणि त्यापुढील वयाच्या स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, तिकीट काढताना तो निवडावा. वाटेत काही अडले तर रेल्वेच्या मदतीचा १३९ हा एकच क्रमांक पुरे. लॉजच्या बाबतीत पैसे आगाऊ न भरता तिथे पोचल्यावर देण्याची अट घालावी, थोडे जास्त पडले तरी चालेल.

शुश्रूषा (सहकारनगर)

मी समुपदेशक म्हणून काम करते आणि शोकात असलेल्या अनेक कुटुंबांशी माझा संबंध येतो. ताई, तुम्ही ‘प्रसन्न’ लिहून लगेच ‘निदान स्थिर’ अशी दुरुस्ती केली आहे. ती दुरुस्तीच धरून चालावे, असे मी सांगेन. वर्ष उलटले तरी शोक सरळ रेषेत ओसरत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेला एक विचार आम्ही कामात पुष्कळ वापरतो. त्यांच्या म्हणण्यानुसार शोकात असलेले मन दोन टोकांमध्ये ये-जा करत असते. कधी ते गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडते, तर कधी वीजबिल भरणे, तिकीट काढणे, दार दुरुस्त करून घेणे अशा रोजच्या व्यवहाराकडे वळते, आणि ही ये-जाच माणसाला सावरते. तुमच्या प्रवासात ही दोन्ही टोके एकाच फलाटावर, एकाच वेळी समोर आली. अशा वेळी हातपाय गळणे यात अशक्तपणा काही नाही.

व्यवहारात इतकेच करावे की विघ्न आल्याबरोबर धावपळ सुरू न करता आधी बसावे, पाणी प्यावे, रडू आले तर रडून घ्यावे आणि मग संपूर्ण प्रवासाचे काय होणार याचा विचार बाजूला ठेवून फक्त पुढचे एक काम ठरवावे. रात्रीचा निवारा हे एक काम झाले, उद्याची गाडी हे दुसरे, ते उद्या. दोघींनी वाटणीही करून घ्यावी, म्हणजे एकीला भरून आले असेल तेव्हा दुसरी खिडकीवर चौकशी करेल.

इथे मला एक गोष्ट फार मनापासून सांगाविशी वाटते. तुम्ही लिहिलेल्या मजकुरात नणंदबाई सोबतीला आल्या आणि त्यांचा पाय मुरगळला, एवढेच आहे. त्यांचा भाऊ गेला आहे. बहिणीच्या दुःखाला आपल्याकडे फारसे कोणी विचारत नाही. सगळे सांत्वन पत्नीकडे आणि मुलांकडे जाते. दुखऱ्या पायाने परतताना तुमचा प्रवास आपल्यामुळे मोडला, असे त्यांना वाटले असण्याची शक्यता मोठी आहे. पुढच्या खेपेला तिथे त्यांना काय करावेसे वाटते, हे त्यांना विचारावे. प्रवास दोघींचा झाला की त्याचे ओझेही एकटीच्या खांद्यावर राहणार नाही. आणि रात्री तेच ते विचार थांबतच नसतील तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, त्यात संकोच नसावा.

जुनीपेठ (सदाशिव पेठ)

तारीख हुकल्याचे शल्य बाळगू नये. श्राद्धाची तिथी हुकली किंवा माहीतच नसली तर सर्वपित्री अमावास्येला ते करावे, अशी सोय आपल्या परंपरेने केलेली आहे. अडचणीमुळे दिवस टळू शकतो, हे शास्त्रकारांनी गृहीतच धरले होते. श्राद्धाला जी मुभा आहे ती लग्नाच्या वाढदिवसाला का नसावी?

वहीबद्दल थोडे. ती अजून दमट असेल तर उन्हात ठेवू नये आणि इस्त्री तर मुळीच फिरवू नये. पानांमध्ये टीपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यात सावलीत सुकवावी आणि टीपकागद बदलत राहावे. पूर्ण सुकल्यावर सर्व पानांची स्कॅन प्रत काढून ठेवावी. हस्तलिखितांच्या जतनाचे काम भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत चालते, पुढे काय करावे हे तिथे जाऊन विचारता येईल. प्रवासात मूळ वही नेऊ नये, छायाप्रत न्यावी. विरलेल्या ओळींचा मजकूर छापील पाठात आहेच, म्हणून तो गेला असे समजू नये. गेले ते त्या ओळींतले त्यांचे हस्ताक्षर, आणि त्याचे दुःख होणारच.

तंजावूरकर (औंध)

अक्षरवेलताई, आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरचे आणि घरात अजूनही आम्ही आमची तंजावरी मराठी बोलतो. नोकरीमुळे मी पुण्यात आहे. तुमचा प्रश्न वाचल्यावर न लिहिता राहवले नाही. आमच्या गावातला हा लेख वाचण्यासाठी पुण्यात बसून कोणी त्याची मोडी प्रत काढत होते, याने मला किती आनंद झाला हे शब्दांत सांगता येणार नाही.

भिंतीवरचा लेख देवनागरीत, म्हणजे बाळबोधीत आहे आणि वही मोडीत. तुम्हाला मोडी येत नसेल तर लाल रेघांचे सगळे शब्द निघण्यापूर्वीच मोडी जाणणाऱ्या माणसाकडून बाळबोधीत लिहून घ्यावे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात असा जाणकार भेटणे अवघड नाही. शक्य झाल्यास छापील पाठात तो शब्द आरंभापासून साधारण कुठे येतो, हेही टिपून ठेवावे. लेख फार लांबलचक आहे, मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांमध्ये त्याची गणना होते, त्यामुळे नुसते शब्द घेऊन शोधू लागलात तर दमून जाल.

लेख आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर आहे. दुपारी गाभारा बंद असतो आणि अंगणातली फरशी अशी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही, म्हणून सकाळी लवकर जावे आणि उरलेले काम दुपार कलल्यावर करावे. अक्षरे समोरून पाहण्यापेक्षा बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर असा बॅटरीचा झोत टाकून पाहिली की खोदकामाच्या कडा सावलीने उठून दिसतात. झिजलेले अक्षरही पुष्कळदा असे सापडते. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेले हे मंदिर संरक्षित स्मारक आहे, तेव्हा अक्षरांवर खडू, पीठ किंवा पाणी लावण्याचा मोह टाळावा. एका दिवसात सगळे उरकण्याचा आग्रह ठेवू नये, हाताशी निदान एक दिवस राखून ठेवावा. तो दिवस मोकळा राहिलाच तर राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालयाचे दालन पाहावे. मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, त्या ग्रंथालयाने सांभाळले आहेत आणि तुमच्या यजमानांना तिथून निघवले नसते, असे मला वाटते.

परतीच्या वाटेवर जिंजी करावी का, असा प्रश्न पुण्याची माणसे हमखास विचारतात. राजाराम महाराजांनी १६९८ पर्यंत लढवलेला तो किल्ला आता जागतिक वारसा यादीतही आला आहे, पण त्यातल्या राजगिरी या टेकडीच्या पायऱ्या फार आहेत. नणंदबाईंचा पाय पूर्ण बरा झाल्याशिवाय तो बेत करू नये.

अक्षरवेल (कर्वेनगर, पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शुश्रूषाताईंनी लिहिलेले वाचून मी त्याच संध्याकाळी नणंदबाईंकडे गेले. त्यांना खरोखरच तसे वाटत होते आणि त्यांनी ते घरात कोणाजवळही बोलून दाखवले नव्हते. आम्ही दोघी खूप वेळ बोललो, बराच वेळ रडलोही. भाऊ शाळेत असताना त्यांना पाढे शिकवायचा आणि चुकलेल्या आकड्याखाली अशीच लाल रेघ मारायचा, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते.

घाटवाटकाकांनी सांगितलेले एक कलम आम्ही ठरवून टाकले आहे. शब्द पाहायचे, मग दिवस कोणताही असो. त्यातले काही सापडले नाहीत तर तसे वहीच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवायचे, एवढी मोकळीकही आम्ही घेतली आहे. तिरुचिरापल्लीमार्गे फेब्रुवारीत जायचे नक्की झाले आहे. मूळ वही घरी राहील. लाल रेघांच्या शब्दांची बाळबोध यादी करून द्यायला मोडीच्या वर्गातले त्यांचे एक स्नेही आनंदाने तयार झाले आहेत. भिंतीपाशी नणंदबाई बॅटरी धरतील आणि मी यादीतले शब्द शोधीन.

तंजावूरकर, आपल्याला एक विचारायचे आहे. मंदिरापासून रिक्षाने थोड्या अंतरावर, तळमजल्यावर खोली मिळेल आणि पैसे तिथे पोचल्यावर देता येतील, अशी एखादी साधी, स्वच्छ राहण्याची सोय आपल्या माहितीत असल्यास कृपया कळवावी. नणंदबाईंना अजून जिने चढवत नाहीत.

तंजावूरकर (औंध)

माझी धाकटी बहीण तिथेच राहते. तिला आज रात्री फोन करून विचारतो आणि उद्या इथेच लिहितो. फेब्रुवारीतल्या तारखा ठरल्या की त्याही कळवाव्यात. आपली हरकत नसेल तर ती मंदिरात येऊन लेखाची भिंत दाखवील.